पंपिंग बासष्ट टक्के, मग जिना का चढवत नाही?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ६१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. दीड वर्षापासून चढ आला की त्यांना धाप लागते. घरचा जिना एका दमात होत नाही. जेजुरीच्या गडावर जाताना चार वेळा बसावं लागलं. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, पंपिंग ६२ टक्के, ‘नॉर्मल’. टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) ‘निगेटिव्ह’. अँजिओग्राफीत ब्लॉक नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल चालू आहे. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, हिमोग्लोबिन १०.४. गावातले डॉक्टर म्हणतात हृदय उत्तम आहे, वजन उतरवा. घरचे म्हणतात, मनाचं आहे. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी मात्र ‘व्यायाम करताना हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते मोजू, वेळ पडली तर आत नळी घालून’ असं सुचवलंय. मुलानं परदेशातून पाठवलेलं घड्याळ ‘फिटनेस फार कमी’ असं रोज दाखवतं. त्या विचारतात: बसल्या जागी सगळं नॉर्मल असताना हा उद्योग कशाला? आणि ६२ टक्के म्हणजे उरलेले ३८ टक्के गेले कुठे?

बाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचा गुंता त्याच्याच पोटात आहे.

उरलेले ३८ टक्के कुठेही गेलेले नाहीत. ते हृदयातच आहेत आणि तिथेच राहायला हवेत. डावा कप्पा पूर्ण भरला की त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती एका ठोक्यात बाहेर पडलं, एवढंच ती टक्केवारी सांगते. निरोगी हृदय कधीच पूर्ण रिकामं होत नाही. ५५ ते ७० च्या आसपास आकडा असला की नॉर्मल म्हणतात. म्हणजे हे शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. तुम्ही आयुष्यभर गुणपत्रिका भरल्यात, म्हणून ६२ हा आकडा तुम्हाला तसा वाटणं साहजिक आहे.

पण टक्केवारी कशाची, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही. सव्वाशे मिलीलिटरच्या भांड्यातले ६२ टक्के वेगळे, ऐंशीच्या भांड्यातले वेगळे. तुम्ही पाठवलेल्या इको रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर दोन आकडे आहेत, ज्यांच्याकडे सहसा कोणी बघत नाही: भरलेल्या अवस्थेत ८४ मिलीलिटर, आकुंचनानंतर ३२. वजाबाकी केली की एका ठोक्यात ५२ मिलीलिटर. त्या वेळी नाडी ६६ होती. ५२ गुणिले ६६, म्हणजे मिनिटाला सुमारे ३.४ लिटर. यालाच कार्डियाक आउटपुट म्हणतात. सर्वसाधारण प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी ते ५ लिटरच्या आसपास असतं. शरीराच्या आकारमानानं भागून पाहिलं, तर तुमच्या उंची-वजनाला पृष्ठभाग सुमारे १.७७ चौरस मीटर येतो आणि आकडा १.९ होतो. अपेक्षा २.५ ते ४ ची.

लगेच घाबरू नका. टू-डी इकोत कप्प्याचं आकारमान खऱ्यापेक्षा लहान मोजलं जाणं हा नेहमीचा दोष आहे. तुमचा खरा आकडा ३.४ पेक्षा जास्त निघण्याची शक्यता चांगली आहे. मुद्दा एवढाच की ‘पंपिंग ६२ टक्के’ आणि ‘रक्त पुरेसं फेकलं जातंय’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि तुमच्या फाइलमध्ये आजवर फक्त पहिलं तपासलं गेलंय.

आता दुसरं गृहीतक: बसल्या जागी नॉर्मल म्हणजे नॉर्मल. तुम्हाला बसल्या जागी त्रास होतच नाही! त्रास जिन्यावर होतो, म्हणून मोजायचं ते जिन्यावर किंवा त्याच्या जवळपास जाणाऱ्या श्रमात.

श्रमात काय व्हायला हवं ते पाहा. विश्रांतीत शरीर मिनिटाला पाव लिटर प्राणवायू वापरतं. धडधाकट तरुण माणूस जोर लावून धावला की तीन लिटर, म्हणजे बारापट. ही बारापट दोघं मिळून आणतात. हृदय आउटपुट ५ वरून २० लिटरवर नेतं, ही चौपट. आणि स्नायू प्रत्येक लिटर रक्तातून ५० ऐवजी १५० मिलीलिटर प्राणवायू ओढून घेतात, ही तिप्पट. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंचं आउटपुट ३० लिटरच्या पुढे जातं, ते मुख्यतः ठोक्यामागचं रक्त जास्त असल्यामुळे. सर्वसाधारण माणसात ठोक्यामागचं रक्त थोडं वाढतं आणि कमाल श्रमाच्या निम्म्यापर्यंत आलं की जवळपास तिथेच थांबतं. पुढचा सगळा भार नाडीवर येतो.

म्हणून तुमचा टीएमटीचा कागद नीट वाचावा लागतो. त्यावर ‘निगेटिव्ह’ लिहिलंय, ते ईसीजीत रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण दिसली नाही एवढ्यापुरतं. पण तुम्ही ४ मिनिटं २० सेकंदांवर दम लागून थांबलात आणि त्या क्षणी नाडी होती ११२. वयाच्या मानानं कमाल नाडी २२० वजा ६१, म्हणजे १५९ धरतात. विश्रांतीच्या ६६ पासून १५९ पर्यंत ९३ ठोक्यांची जागा होती; तुम्ही ४६ वापरलेत. म्हणजे निम्मे. मेटोप्रोलोलसारखं बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी आवरून धरणारं औषध, घेणाऱ्यांतही निदान ६२ टक्के जागा वापरली जावी अशी अपेक्षा असते. तुमची नाडी चढतच नाहीये. एका ठोक्यातलं रक्त श्रमात ५२ वरून ६२ वर गेलं असं उदारपणे धरलं, तरी ६२ गुणिले ११२ म्हणजे ७ लिटरच्या आत. त्या चढाला तुमच्या वजनाच्या व्यक्तीला ढोबळमानानं १० लिटरच्या आसपास लागतात. हा कागदावरचा हिशोब आहे, निदान नव्हे; पण पुण्याच्या डॉक्टरांना शंका का आली, हे त्यातून कळतं.

आणि हिमोग्लोबिन. १०.४ ला ‘बायकांना असतंच थोडं कमी’ म्हणून सोडून देतात, ते फार चुकीचं आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलीलिटर प्राणवायू वाहून नेतं. १३ हिमोग्लोबिन असेल तर एक लिटर रक्तात सुमारे १७४ मिलीलिटर मावतो, तुमच्या रक्तात १३९. तेवढाच प्राणवायू पोचवायला तुमच्या हृदयाला सव्वापट रक्त फेकावं लागेल. नाडीला गोळीचा लगाम आहे, ठोका लहान आहे आणि वर मागणी सव्वापट. जिन्यावर दम लागायला एवढं पुरेसं आहे, मन मध्ये आणायची गरज नाही.

तेव्हा मोजावं का? माझं स्पष्ट मत: मोजावं, पण नळीपासून सुरुवात नको. आधी जे स्वस्त आहे आणि दुरुस्त होण्यासारखं आहे ते करा. फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारा आकडा) या रक्ताच्या तपासण्या आणि फुप्फुसांसाठी स्पायरोमेट्री. एनटी-प्रोबीएनपी नॉर्मल आलं तरी वजन जास्त असलेल्यांत त्यावर पूर्ण विसंबता येत नाही, हे लक्षात असू द्या. लोह कमी निघालं तर गोळ्या लिहून देऊन विषय संपत नाही. पाळी थांबल्यावर लोह कमी होत असेल, तर पोटातून किंवा आतड्यातून रक्त जातंय का हे शोधायलाच हवं.

मेटोप्रोलोलबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा: ही गोळी फक्त बीपीसाठी आहे की ठोक्यांच्या अनियमिततेसाठी? फक्त बीपीसाठी असेल, तर दुसरा पर्याय देऊन ती हळूहळू उतरवता येते का? स्वतःहून एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यास नाडी आणि बीपी उसळी घेतं, छातीतही दुखू शकतं.

पुन्हा इको करायची वेळ आली, तर टक्केवारीसोबत एलव्हीओटी आणि व्हीटीआय या दोन मोजमापांचा आग्रह धरा. पहिलं म्हणजे डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडतं त्या वाटेचा व्यास. दुसरं म्हणजे एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ त्या वाटेतून किती सेंटिमीटर पुढे सरकला ते. व्यासाच्या वर्गाला ०.७८५ नं गुणलं की वाटेचं क्षेत्रफळ येतं. त्याला व्हीटीआयनं गुणलं की ठोक्यामागचं रक्त. व्यास १.९ सेंटिमीटर आणि व्हीटीआय २० असेल, तर ५७ मिलीलिटर, आणि ६६ च्या नाडीला ३.७ लिटर. आता तोच व्यास चुकून २.१ मोजला गेला तर? ६९ मिलीलिटर, ४.६ लिटर. पडद्यावर दोन मिलिमीटरचा फरक आणि निकाल ‘कमी’वरून ‘बरा’वर, कारण व्यासाचा वर्ग होतो तशी चुकीचीही वाढ होते. म्हणून हे माप घाईत घ्यायचं नसतं. चित्र मोठं करून, ठोक्याच्या मध्यावर, झडपेच्या अगदी अलीकडे, आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत. रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉपलरची रेषा रक्ताच्या दिशेला समांतर हवी, तिरकी पडली की वेग कमी दिसतो. तीन ठोक्यांची सरासरी घ्यायची. ठोके अनियमित असतील तर पाच ते दहा.

या पद्धतीची खरी सोय श्रमात आहे. श्रमात त्या वाटेचा व्यास फारसा बदलत नाही, म्हणून तो एकदाच मोजायचा आणि पुढे प्रत्येक पायरीवर फक्त व्हीटीआय व नाडी. अर्धवट आडवं होऊन चालवायची सायकल असते. २०-२५ वॅटपासून सुरू करून दर दोन-तीन मिनिटांनी भार वाढवतात. अडचण अशी की धाप लागलेल्या माणसाची छाती सतत हलते आणि चित्र सुटतं. त्यामुळे चांगलं चित्र मिळेल अशा मधल्या भाराला, नाडी १००-११० असताना, नोंद नीट घेणं हे शेवटच्या क्षणी धडपडण्यापेक्षा उपयोगाचं. नुसत्या टीएमटीआधी आणि नंतर आडवं झोपवून केलेल्या इकोत हा हिशोब जमत नाही, कारण झोपेपर्यंत नाडी उतरू लागलेली असते.

यानंतरची पायरी सीपीईटी. मास्क लावून सायकल चालवायची, यंत्र प्रत्येक श्वासातला प्राणवायू मोजतं. तुमच्यासारख्यांना दर मिनिटाला १० वॅटनं भार वाढवत आठ ते बारा मिनिटांत संपेल असा आराखडा लावतात. साडी नको, सलवार किंवा ट्रॅक पँट, आणि बूट. आधीचे दोन-तीन तास जड जेवण नको. कवळी असेल तर काढू नका, गाल आत गेले की मास्क बसत नाही. मास्क लावल्यावर तंत्रज्ञानं हातानं तोंड बंद करून तुम्हाला फुंकायला लावलं पाहिजे. कडेनं हवा सुटली तर सगळे आकडे खोटे कमी येतात. चाचणीत बोलायचं नसतं, म्हणून थांबायची खूण आधी ठरवून घ्या. त्या दिवशी मेटोप्रोलोल घ्यायची की नाही हेही आधीच विचारा, आणि जे केलंत ते रिपोर्टवर लिहायला सांगा.

सीपीईटीत थेट रक्त मोजलं जात नाही. पण ऑक्सिजन पल्स नावाचा आकडा मिळतो: मिनिटाचा प्राणवायू भागिले नाडी. १००० मिलीलिटर आणि नाडी ११५ असेल, तर ठोक्यामागे ८.७ मिलीलिटर. हा आकडा लवकर सपाट झाला, तर ठोका वाढत नाही अशी शंका घेतात. इथे तुमच्या बाबतीत एक फसगत आहे. हिमोग्लोबिन कमी असलं की ठोका चांगला असूनही हा आकडा कमीच येतो. म्हणूनच ॲनिमिया आधी सुधारून घ्या म्हणतोय. नाहीतर खर्च करून आणलेल्या रिपोर्टचा अर्थ लावताना पुन्हा तिथेच अडकाल. फुप्फुसं अडवत आहेत, हृदय अडवतंय की स्नायूंची सवय गेली आहे, हे वेगळं करायला मात्र याच्याइतकी चांगली बिनटोचणीची चाचणी नाही.

आता ती नळी. मानेच्या किंवा हाताच्या शिरेतून एक बारीक कॅथेटर उजव्या हृदयातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात. अँजिओग्राफीशी याची गल्लत करू नका; तिथे डाई टाकून धमन्या बघतात, इथे दाब आणि प्रवाह मोजतात. यामागचं तत्त्व ॲडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये व्युर्त्सबुर्ग इथे एका छोट्या टिपणात मांडलं: शरीरानं मिनिटाला घेतलेला प्राणवायू भागिले जाणाऱ्या आणि येणाऱ्या रक्तातल्या प्राणवायूचा फरक, म्हणजे मिनिटाचं रक्त. माणसात ते करून बघायला उजव्या हृदयातलं रक्त हवं होतं. ती वाट १९२९ मध्ये व्हेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या दंडातून नळी घालून दाखवली आणि आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ती रोजच्या वापरात आणली. तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं.

समजा, तुमची नळी झाली. प्राणवायूनं भरलेलं हिमोग्लोबिन जाणाऱ्या रक्तात ९७ टक्के, फुप्फुसाच्या धमनीतल्या रक्तात ६८ टक्के. १०.४ हिमोग्लोबिनला फरक येतो लिटरमागे सुमारे ४० मिलीलिटर. मास्कनं मोजलेला प्राणवायू १९० असेल, तर आउटपुट ४.७ लिटर. पण अनेक कॅथ लॅबमध्ये मास्क नसतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला १२५ मिलीलिटर असं ठरीव गृहीत धरतात. तुमच्यासाठी ते २२१ होतं आणि उत्तर ५.५ लिटर. जवळपास पाऊण लिटर नुसत्या गृहीतकातून आलं. श्रमात तर गृहीत धरायला काही आधारच नसतो. म्हणून हॉस्पिटलला विचारायचा पहिला प्रश्न हाच: प्राणवायू प्रत्यक्ष मोजता की सूत्रानं काढता? दुसरा: टेबलावर सायकल आहे का? फक्त विश्रांतीचे आकडे घेणार असतील, तर तुमच्यापुरता नळी घालण्याचा निम्मा हेतू तिथेच संपला.

बारकावे आणखी आहेत. रक्ताचा नमुना उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातूनच घेतला तर वरच्या आणि खालच्या शिरांचं रक्त नीट मिसळलेलं नसतं. तो फुप्फुसाच्या धमनीतूनच हवा. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर प्राणवायूचा आकडा बिघडतो, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त झालं तर हिमोग्लोबिन पातळ दिसतं. श्रमात नमुना आणि मास्कचा आकडा एकाच मिनिटाचे असले पाहिजेत. दुसरी पद्धत थर्मोडायल्यूशन: १० मिलीलिटर थंड सलाइन एका झटक्यात सोडून पुढे तापमान किती उतरलं ते पाहतात, आणि एकमेकांशी १० टक्क्यांच्या आत जुळणाऱ्या तीन मोजमापांची सरासरी धरतात. उजवी झडप बरीच गळत असेल किंवा प्रवाहच फार मंद असेल, तर ती फसवते. विरघळणारा वायू पिशवीतून काही श्वास आत-बाहेर घेऊन फुप्फुसांतला रक्तप्रवाह मोजायचीही पद्धत आहे, नळीविना आणि श्रमातही चालणारी. पण ती फार थोड्या ठिकाणी मिळते.

नळीतून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट एकट्या आउटपुटची नाही, जोडीची आहे. प्राणवायूचा वापर एक लिटरनं वाढला की आउटपुट सुमारे ६ लिटरनं वाढावं, ४.८ पेक्षा कमी वाढलं तर हृदय मागे पडतंय. आणि ते वाढत असताना डाव्या बाजूचा भरण्याचा दाब किती चढला? आडवं सायकल चालवताना तो २५ मिलिमीटर किंवा जास्त झाला, तर हृदय ताठर झालंय, पंपिंगची टक्केवारी चांगली असूनही हार्ट फेल्युअर आहे. तुमच्या इकोतला डावा वरचा कप्पा किंचित मोठा आहे, ई-बाय-ई-प्राइम (भरण्याच्या दाबाचा इकोवरचा अंदाज) १४ आहे, वजन जास्त आहे, बीपीच्या दोन गोळ्या आहेत. ही शंका घेण्यासारखीच परिस्थिती आहे. हे निदान पक्कं झालं तर उपचार बदलतात, म्हणून त्रास सोसून मोजण्यात अर्थ आहे. धोके थोडे आहेत, पण शून्य नाहीत: टोचल्या जागी रक्त साकळणं, काही क्षण ठोके चुकणं, क्वचित त्याहून गंभीर.

तेव्हा क्रम असा ठेवा: रक्त आणि लोह, गोळीचा फेरविचार, मग सहा ते आठ आठवड्यांनी तोच जिना पुन्हा. फरक पडला नाही तर सीपीईटी किंवा सायकलवरचा इको. त्यातूनही उत्तर अर्धवट राहिलं तर नळी, आणि तीही मास्क व सायकल असलेल्या ठिकाणी. मात्र चढताना चक्कर येऊन पडणं, छातीत दाब, रात्री धाप लागून उठणं किंवा पायांवर अचानक सूज असं काही झालं, तर आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घड्याळाचं: ते रक्त मोजत नाही. चालण्याचा वेग आणि नाडी यांच्या मेळावरून अंदाज बांधतं, आणि नाडीवर गोळीचा परिणाम असेल तर तो अंदाज कोणत्याही बाजूला घसरू शकतो. मुलाला वाईट वाटू देऊ नका. घड्याळ ठेवा आणि जिना चढायच्या आधीची, वर पोचल्यावरची आणि दोन मिनिटांनंतरची नाडी वहीत लिहा. ते काम ते ठीक करतं.

गावातल्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांनी ब्लॉक आहे का हे पाहिलं, आणि ते आधी पाहायलाच हवं होतं. वजनाचा सल्लाही खरा आहे. तो आता कसा पाळायचा, एवढाच प्रश्न आहे: रोज सपाटीवर, बोलता येईल इतक्या वेगानं दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. व्यायाम म्हणून चढ सध्या नको.

पुण्याला जाताना इकोचं दुसरं पान आणि टीएमटीचा पूर्ण कागद न्या, फक्त ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं शेवटचं पान नको. ज्या ओळीत ११२ आहे, तिच्याखाली पेन्सिलनं रेघ मारून ठेवा.